सव्वासात ते नऊ एक्कावन्न

राजुऱ्यात कंट्रोल रूम म्हटली की आठवते ती तहसील कचेरी. पावसाळ्यात वर्धेला पूर आला की बल्लारपूरकडचा पूल चालू आहे की बंद, एवढंच सगळ्यांना विचारायचं असतं. जुलै २०२२ मध्ये तो रस्ता पाण्याखाली गेला, तेव्हा नदीच्या अलीकडे राहिलेल्यांना आणि पलीकडे अडकलेल्यांना त्या एका उत्तराची किंमत कळली. कॉलेजच्या आवारात मात्र अशी एखादी खोली असावी, हा विचार आपल्याकडे अजून रुजलेला नाही. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगलजिल्ह्यांतली कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. त्यांतल्या कितीतरी वसतिगृहांत दुर्गम गावांतली मुलं-मुली राहतात, आणि त्यांच्या जिवाची जबाबदारी रात्री-अपरात्री कुणाच्या तरी हातात असते.

ती नेमकी कुणाच्या हातात असते, हा प्रश्न अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाला १६ एप्रिल २००७ रोजी पडला. त्या सोमवारी तिथे ३२ माणसं मारली गेली. नंतर राज्याच्या गव्हर्नरने नेमलेल्या चौकशी समितीने त्या सकाळचा मिनिटामिनिटाचा हिशोब मांडला. मारेकऱ्याचं नाव इथे घेण्याची गरज नाही. पाहायचं ते इतकंच की कोणत्या मिनिटाला कुणाला काय ठाऊक होतं आणि ते बाकीच्यांना सांगण्याचा अधिकार कुणाकडे होता.

२ मे २००५

विद्यापीठाची आपत्कालीन योजना या तारखेची. म्हणजे योजना नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही. तिच्यात दोन गट होते. वर अध्यक्ष आणि उपाध्यक्षांचा धोरण गट, खाली माणसं-साधनं पुरवणारा दुसरा गट. आवारात सावधगिरीचा संदेश पाठवायचा की नाही आणि त्यात काय लिहायचं, हे धोरण गटाने ठरवायचं. विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस होते, पण त्यांचे प्रमुख या गटाचे सभासद नव्हते. सगळ्या आवाराला एकदम ई-मेल धाडायची यंत्रणा होती, पण तिचा संकेतशब्द पोलिसांकडे नव्हता. तो जनसंपर्क विभागातल्या दोघांकडेच होता. गोळीबार झाला तर काय करायचं, याचं प्रकरण योजनेत नव्हतंच.

कागदावर हे सगळं व्यवस्थित दिसतं. आपल्याकडच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यांतही समितीची यादी असते, अध्यक्ष-सचिव असतात, खाली सह्या असतात. पण पहिली बातमी ज्याच्या कानावर येईल तो माणूस आणि ज्याला बोलायची मुभा आहे तो माणूस, या दोघांत किती दारं आहेत, हे अशा यादीवरून कळत नाही.

ऑगस्ट २००६

सत्राचा पहिलाच दिवस. पोलिसांच्या ताब्यातून पळालेल्या एका कैद्याने आवाराजवळ दोघांना ठार केलं होतं. विद्यापीठाने लोकांना सावध केलं, आवार बंद ठेवलं. त्यातच तो विद्यार्थी भवनात शिरल्याची खोटी आवई उठली आणि सशस्त्र पोलीस तिकडे धावले. त्या दिवसाची भीती अधिकाऱ्यांच्या मनात राहिली असावी. आधी खात्री करू, मग बोलू, ही सवय अशा दिवसांतूनच लागते.

१६ एप्रिल २००७, सकाळी ७.१५

आपल्याकडे तेव्हा दुपारचे पावणेपाच वाजलेले. सुमारे ९०० विद्यार्थ्यांच्या वेस्ट अँबलर जॉन्स्टन वसतिगृहात चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. एक विद्यार्थिनी, आणि आवाज ऐकून धावलेला मजल्याचा विद्यार्थी-प्रतिनिधी.

७.२०

पोलिसांना फोन गेला तो गोळीबाराचा नव्हताच. एक मुलगी उंच पलंगावरून पडली असावी, असा तो निरोप होता. शेजारच्या खोलीतल्या कुणीतरी दुसऱ्याला सांगितलं आणि त्याने फोन केला. पहिली बातमी बहुधा अशीच येते, अर्धवट आणि ऐकीव. नियंत्रण कक्षाच्या नोंदवहीत वेळेच्या रकान्याशेजारी ‘कुणी सांगितलं’ आणि ‘स्वतः पाहिलं का’ असे दोन रकाने लागतात ते यासाठीच.

७.२४

पोलीस खोलीत पोचले. दोघांना गोळ्या लागल्याचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. खोलीत बंदूक नव्हती. बाहेर रक्ताळलेल्या पावलांचे ठसे होते. म्हणजे मारणारा चालत निघून गेला होता आणि हत्यार त्याच्याकडेच होतं. माझ्या मते धोक्याचा संदेश निघायला हवा होता तो इथून. त्याला आणखी कसलीही माहिती लागत नव्हती.

७.५७

पोलीसप्रमुख वेंडेल फ्लिंचम यांनी कार्यकारी उपाध्यक्षांच्या कार्यालयाला कळवलं. फ्लिंचम यांना स्वतःला ७.४० ला कळलं होतं. खोलीत पाऊल पडल्यापासून वरपर्यंत बातमी जायला ३३ मिनिटं लागली. या वेळात कुणी हातावर हात ठेवून बसलेलं नव्हतं. घटनास्थळ राखणं, शेजारच्या ब्लॅक्सबर्ग शहराच्या पोलिसांकडून तपासाची माणसं मागवणं, जखमींना हलवणं चालू होतं. घटनास्थळी असलेल्याला वर कळवायला फुरसत नसते. म्हणून तर त्याच्या खांद्यावरून हे ओझं काढून घेणारी खोली लागते.

८.००

पहिला तास सुरू झाला. २,६०० एकरांचं आवार, २६,००० च्या वर विद्यार्थी, सगळं नेहमीसारखं. वसतिगृहात पोलीस खोल्याखोल्यांत विचारपूस करत होते आणि मुलं तासाला निघत होती. त्याच वसतिगृहातून नऊच्या तासाला गेलेले दोघे पुढे नॉरिस हॉल या इमारतीत मारले गेले.

८.१५ च्या सुमारास

गोळी लागलेल्या मुलीची मैत्रीण परतली. तिच्याकडून पोलिसांना कळलं की मुलीच्या मित्राला बंदुकांचा शौक आहे. झालं, तपासाला दिशा मिळाली. प्रेमप्रकरण असावं, तो मित्रच असावा, त्याची गाडी आवारात दिसत नाही म्हणजे तो बाहेर गेला असावा. तीन ‘असावा’ एकावर एक रचले गेले आणि त्यांच्या जोरावर धोका टळला असं वाटू लागलं. त्या मित्राचा या प्रकाराशी काहीही संबंध नव्हता.

इथे आपल्या भागातलं एक उदाहरण द्यावंसं वाटतं. राजुरा आणि विरूरच्या जंगलात आरटी-१ नावाच्या वाघाने माणसं मारली. त्याला पकडायला ऑक्टोबर २०२० उजाडला. कॅमेरा ट्रॅप लावून, पट्टे जुळवून हाच तो वाघ हे ठरवण्यात वेळ जातोच, आणि तो जायलाही हवा. पण कोणता वाघ हे ठरेपर्यंत गावाला सांगायचं थांबत नाही. रानात एकट्याने जाऊ नका, गुरं लांब नेऊ नका, ही दवंडी आधी पिटली जाते. वाघ ओळखायचं काम वनखात्याचं, पण जंगलात जावं की नाही हे सकाळीच ठरवावं लागतं ते गुराख्याला. व्हर्जिनिया टेकमध्ये वाघ ओळखल्याशिवाय दवंडी पिटायची नाही, असं ठरलं.

८.२५

अध्यक्ष चार्ल्स स्टेगर यांनी धोरण गटाची बैठक घेतली. पहिल्या फोनला एक तास पाच मिनिटं झाली होती. मोठ्या पदांवरची अनुभवी माणसं एका खोलीत बसली. वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्यात, त्यांच्या घरी अजून कळवलेलं नाही, मारेकरी बहुधा ओळखीतला आहे. काय सांगायचं, किती सांगायचं, घबराट पसरली तर?

या खोलीत काय कमी होतं? पोलीस सभासद नव्हते, म्हणून घटनास्थळाची माहिती दुसऱ्याच्या तोंडून येत होती. आधी लिहून ठेवलेला मसुदा नव्हता, म्हणून प्रत्येक शब्दावर नव्याने विचार चालला. आणि एकच खोली सगळी कामं करत होती. परिस्थिती समजून घेणं, धोरण ठरवणं, मजकूर लिहिणं, गोळ्या लागलेल्यांच्या नातलगांची काळजी वाहणं, पत्रकारांना काय सांगायचं ते ठरवणं, सगळं तिथेच.

ही कामं वेगळी केली पाहिजेत, हे अमेरिकेला ठाऊक नव्हतं असंही नाही. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात वणवे पेटले, १३ दिवसांत १६ माणसं गेली, ७०० च्या वर घरं-इमारती जळाल्या. वेगवेगळ्या खात्यांची अग्निशमन दलं मदतीला धावली, पण त्यांचे बिनतारी संच एकमेकांशी बोलत नव्हते, हुद्द्यांची नावं जुळत नव्हती आणि हुकूम कुणाचा हेच ठरत नव्हतं. त्या धड्यातून घटनास्थळी एकच प्रमुख आणि त्याच्या हाताखाली ठरावीक शाखा, अशी पद्धत निघाली. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये तीच आपल्या प्रशासनाला बसेल अशी करून दिली. घटनास्थळाच्या प्रमुखाखाली कार्यवाही, नियोजन आणि पुरवठा अशा तीन शाखा. उन्हाळ्यात मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत जंगलात आग लागते तेव्हा आपल्याकडचे वनकर्मचारी काय करतात ते आठवलं की ही विभागणी अवघड वाटत नाही. एक जण आगीपुढे, एक जण नकाशापुढे, एक जण पाणी-जेवण-गाडी पाहणारा. तिघांची कामं एकाच माणसाने केली तर आग त्याला वळसा घालून पुढे जाते.

८.४५

धोरण गटातल्या एका सभासदाने राजधानी रिचमंडमधल्या सहकाऱ्याला ई-मेल केली. एक विद्यार्थी मरण पावला, दुसरा गंभीर, बंदूकधारी मोकाट. हे अजून बाहेर द्यायचं नाही, असंही बजावलं. चार मिनिटांनी पुन्हा आठवण करून दिली.

या नोंदीपाशी थांबावंच लागतं. ‘मोकाट’ हा शब्द म्हणजे त्या खोलीला धोका कळला होता. शेकडो मैलांवरच्या कचेरीत तो पोचला. आवारातल्या मुलांपर्यंत मात्र अजून एक अक्षरही गेलं नव्हतं.

८.५२

ब्लॅक्सबर्ग शहरातल्या शाळांनी आपापली दारं बंद करून घेतली. विद्यापीठात काहीतरी झालंय एवढंच त्यांना कळलं होतं आणि त्यांना तेवढं पुरलं. त्यांना ना बैठक लागली, ना खात्री.

९.०१

मारेकरी पोस्टात होता. एका वृत्तवाहिनीच्या नावे त्याने पाकीट टाकलं.

९.०५

दुसरा तास. नॉरिस हॉल ही अभियांत्रिकीची इमारत. दुसऱ्या मजल्यावर जर्मन, फ्रेंच, यंत्रशास्त्र असे वर्ग भरले. २०६ क्रमांकाच्या खोलीत प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन प्रगत जलविज्ञान शिकवत होते. तमिळनाडूतून गेलेला हा माणूस नदीच्या पाण्याचा अभ्यासक. पाऊस किती पडला तर पूर केव्हा आणि किती येतो, हे गणित शिकवणारा. त्याच्यापुढे १३ विद्यार्थी बसले होते.

९.१५ ते ९.३०

नॉरिस हॉलच्या तिन्ही मुख्य दारांना कुणीतरी आतून साखळ्या घातल्या. एका विद्यार्थिनीने साखळी पाहिली, बांधकामासाठी असेल असं समजून ती दुसऱ्या वाटेने गेली. एका प्राध्यापिकेला दारावर चिठ्ठी दिसली, दार उघडाल तर बॉम्ब फुटेल. ती चिठ्ठी तिने तिसऱ्या मजल्यावरच्या अधिष्ठात्यांच्या कार्यालयात पोचवायला सफाई कर्मचाऱ्याकडे दिली. सकाळी वसतिगृहात गोळीबार झाल्याचं या दोघींनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. ते माहीत असतं तर त्या साखळीचा अर्थ त्यांनी काय लावला असता? संदेश पाठवण्याचा खरा उपयोग हाच असतो. २६,००० माणसांचे डोळे नियंत्रण कक्षाला मिळतात. गप्प बसलेल्या कक्षाला फक्त स्वतःचे.

९.२४

पोलिसांनी त्या मित्राची गाडी रस्त्यात थांबवली.

९.२६

पहिली ई-मेल निघाली. वसतिगृहात गोळीबाराची घटना घडली आहे, पोलीस तपास करत आहेत, सावध राहा, संशयास्पद दिसल्यास कळवा. एक जण मारला गेला, दुसरी गंभीर आहे, हे त्यात नव्हतं. मारणारा सापडलेला नाही, हेही नव्हतं. घरात थांबा की तासाला जा, यातलं काहीच नव्हतं. गोळी झाडल्यापासून दोन तास अकरा मिनिटांनी निघालेला हा मजकूर वर्गात बसलेल्या कितीजणांनी उघडला असेल? मोबाइलवर सूचना पाठवायची नवी यंत्रणा तेव्हा अजून बसवायची होती.

९.४०

नॉरिस हॉलच्या दुसऱ्या मजल्यावर गोळीबार सुरू झाला. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं.

११ मिनिटांत १७४ गोळ्या. त्या मजल्यावर घडलेलं तपशिलाने लिहू नये. दोन दारांबद्दल मात्र लिहिलं पाहिजे. २०५ मधल्या वर्गाने टेबल दाराला लावून सगळ्यांनी जोर धरला. त्या खोलीत एकालाही इजा झाली नाही. २०४ मध्ये ७६ वर्षांचे प्राध्यापक लिव्हिऊ लिब्रेस्कू दाराला टेकून उभे राहिले आणि मुलं खिडकीतून उड्या मारत होती. हिटलरच्या काळातल्या ज्यूंच्या संहारातून ते वाचले होते आणि तो दिवस नेमका त्या संहाराच्या स्मरणाचा होता. ते गेले, मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही गेली, पण बाकीची मुलं वाचली. या वर्गांना मिळाली ती काही सेकंदांची पूर्वसूचना, तीही शेजारच्या खोलीतल्या आवाजाने. २०६ ला तेवढीही मिळाली नाही. लोगनाथन आणि त्यांचे नऊ विद्यार्थी तिथेच गेले.

९.४५

पोलीस पोचले. फोननंतर तीन मिनिटांत. साखळदंड घातलेली दारं उघडेनात. ९.५० ला एका बाजूच्या दाराचं कुलूप बंदुकीने उडवून ते आत शिरले.

९.५०

दुसरी ई-मेल. बंदूकधारी आवारात मोकाट आहे, इमारतींतच थांबा, खिडक्यांपासून दूर राहा. धोरण गटाच्या खोलीत ‘मोकाट’ हा शब्द एक तास पाच मिनिटांपूर्वीपासून होता.

९.५१

मारेकऱ्याने स्वतःवर गोळी झाडली. नॉरिस हॉलमध्ये ३० माणसं मृत, सकाळची दोन धरून ३२. त्यांत २७ विद्यार्थी आणि पाच अध्यापक.

दुपार आणि त्यानंतर

वारा इतका जोराचा होता की हेलिकॉप्टर उडेनात, जखमी रस्त्यानेच न्यावे लागले. त्या बाबतीत बचावपथकांनी आणि रुग्णालयांनी जे केलं त्याची समितीने तारीफ केली. नातलगांना विद्यापीठाच्या अतिथीगृहात जमवलं होतं, तिथे मात्र आपलं माणूस कुठे आहे हे सांगणारं कुणी एक नव्हतं. कितीतरी आईबाप तासन् तास नुसते बसून राहिले. नियंत्रण कक्षाची योजना करताना हे काम नेहमी शेवटी आठवतं. खरं तर त्यासाठी पहिल्या तासालाच एक वेगळा फोन, एक वेगळं टेबल आणि मायेने बोलणारा पण अंदाजाने न बोलणारा एक माणूस लागतो. जिवतीच्या डोंगरावरून, कोरपन्याहून, विरूरहून एसटीने राजुऱ्याला येणाऱ्या मुलांच्या घरी एकच मोबाइल असतो, तोही रेंज मिळाली तर. त्या घरी कोण कळवणार, हे आधी ठरलेलं नसलं तर बातमी गावात पोचते ती चावडीवरून, फुगून.

ऑगस्ट २००७ मध्ये समितीचा अहवाल आला. सगळं आवार कुलूपबंद करणं शक्य नव्हतं, हे समितीने मान्य केलं. पण पोलिसांनी पहिल्या सुगाव्यावर फार लवकर भिस्त ठेवली, आणि संदेश लवकर व स्पष्ट जायला हवा होता, तो पाठवण्याचा अधिकार पोलिसांनाही हवा, असं तिने स्वच्छ लिहिलं. २००८ मध्ये अमेरिकेचा कायदा बदलला. आवारात धोका असल्याची खात्री पटताच विनाविलंब सूचना देणं विद्यापीठांना बंधनकारक झालं. केंद्रीय शिक्षण खात्याने व्हर्जिनिया टेकला दंडही केला, विद्यापीठाने त्याविरुद्ध दाद मागितली.

८ डिसेंबर २०११, दुपारी १२.१५ च्या सुमारास

दंडावरची सुनावणी वॉशिंग्टनमध्ये चालू होती, पोलीसप्रमुख तिकडेच गेले होते, आणि त्याच दिवशी व्हर्जिनिया टेकच्या वाहनतळावर एका पोलीस अधिकाऱ्याला गोळी घातली गेली. प्रमुख जागेवर नाहीत, अध्यक्षांची बैठक नाही, मारणारा कोण ते माहीत नाही. तरी वीस-बावीस मिनिटांत साऱ्या आवाराच्या फोनवर संदेश गेला की गोळीबार झाला आहे, आत थांबा, दारं लावा. तो अधिकारी वाचला नाही. पण या वेळी आवाराला दोन तास वाट पाहावी लागली नाही.

राजुरा, जून

आपल्याकडे बंदुकीपेक्षा पाणी, आग, वाघ आणि कोळशा-सिमेंटच्या ट्रकांनी भरलेला हैदराबादचा रस्ता यांचीच भीती जास्त. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे दिली. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि पोलिसांचा ११२ हे क्रमांक आहेत. पण मुसळधार पावसात संध्याकाळी साडेचारला कॉलेज सुटतं, बल्लारपूरची मुलं एसटी स्थानकाकडे निघतात आणि पुलावर पाणी चढतं, तेव्हा १०७७ त्यांना फाटकात अडवू शकत नाही. अडवू शकतो तो कॉलेजचा शिपाई, त्याला तसं सांगितलेलं असेल तर.

त्यासाठी एअरकंडिशन्ड खोली नको. ग्रंथालयाची एक बाजू पुरते. तिला वीज गेल्यावर चालणारा दिवा हवा, भिंतीवर आवाराचा नकाशा आणि वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीतली माणसं, वेळेची नोंदवही, आणि ती खोलीच पाण्यात गेली तर बसायची दुसरी जागा. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं निरोप्यांचं काम करतील. सहा महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष बसून पाहायचं, कोण येतं, कोण येत नाही. आणि संदेश आधी लिहून ठेवायचे, फक्त जागा आणि वेळ भरायची ठेवून: ‘पुलावर पाणी आहे. बल्लारपूरकडे निघू नका. कॉलेजातच थांबा, जेवणाची सोय होत आहे. घरी फोन करून कळवा. पुढची सूचना सहा वाजता.’ सहा वाजता सांगण्यासारखं काही नसलं तरी तेवढं सांगायला संदेश जाईलच.

आणि तीन नावं. प्राचार्य, वसतिगृहाचे अधीक्षक, रात्रपाळीचा पहारेकरी. यांतल्या ज्याला पहिल्यांदा कळेल त्याने कुणालाही न विचारता हा संदेश पाठवावा, आणि तो चुकीचा ठरला तरी त्याच्यावर कारवाई होणार नाही, असं प्राचार्यांच्या सहीने लिहून त्या पहारेकऱ्याच्या हातात द्यायचं. मृगाच्या आधी.